टँकर, चेक आणि ट्रक

बड्या कंपन्यांनी केलेल्या पर्यावरणाच्या हानीवर लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा भोपाळच डोळ्यांपुढे आलं. पण भोपाळचं नुकसान एका रात्रीत झालं आणि साऱ्या जगाला दिसलं. मला पाहायचं होतं ते दुसऱ्या जातीचं नुकसान: परवाने काढून, सह्या-शिक्के घेऊन, गावाच्या डोळ्यांदेखत पन्नास-साठ वर्षं चाललेलं. त्यासाठी लांब जायची गरज नव्हती. महाराष्ट्रातल्या दोडामार्गची हद्द ओलांडून गोव्यातल्या डिचोलीकडे वळलं की झालं.

गोव्याच्या लोहखनिजाचा पट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे, पेडण्यातल्या नईबागेपासून सांग्यातल्या साळजिणीपर्यंत सुमारे ९५ किलोमीटर पसरलेला आहे. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे हे तालुके त्यात येतात. पर्यटकांच्या नकाशात हा गोवा नसतोच. राज्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, आणि २०१०-११ मध्ये एवढ्याशा राज्यातून पाच कोटी टनांच्या आसपास खनिज जहाजांत चढलं. नव्वदच्या दशकात हाच आकडा दीड कोटीच्या घरात होता.

डिचोलीच्या रस्त्यावरून जाताना पहिल्यांदा सगळं हिरवंगारच दिसतं. सोबत आलेल्या स्थानिक शिक्षकांनी मग डोंगर ओळखायला शिकवलं. ज्या डोंगरावर किंदळ, माट्टी, काजू, करवंद असं सगळं मिसळून आहे तो देवाचा. ज्यावर एकाच उंचीचं ऑस्ट्रेलियन बाभूळ रांगेने उभं आहे आणि अंगावरून सरळ रेषेत गटारं उतरली आहेत, तो कंपनीचा. म्हणजे डंप. खनिजावरची माती काढून रचलेला ढीग. पुढे तासभर मी मोजत राहिलो, तर कंपनीचे डोंगर देवाच्या डोंगरांना भारी पडत होते.

माल तिथेच पाणी

या भागात खाणीने पाणी पळवलं, असं कुणीही सांगतो. ते कसं पळतं, हे समजून घ्यायला जमिनीच्या पोटात उतरावं लागतं.

सगळ्यात वर जांभा. तो सच्छिद्र, पावसाचं पाणी पितो आणि उन्हाळ्यापर्यंत थोडंथोडं सोडतो. त्याखाली चिकणमातीचे थर, आणि त्यांच्याखाली पिठासारखं भुसभुशीत लोहखनिज. गोव्याच्या भूजलाचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलेली मेख अशी, की या पट्ट्यात खालचं पाणी मुख्यतः याच भुसभुशीत खनिजात साठतं. कंपनीला हवा असलेला माल आणि गावाच्या पाण्याची टाकी या दोन्ही एकच वस्तू आहेत. माल काढायचा तर टाकी फोडावीच लागते.

सुरुवातीच्या खाणी डोंगराच्या माथ्यावर होत्या, तोवर हे फारसं जाणवलं नाही. वरचा माल संपला तसे खंदक खाली गेले, भूजलाच्या पातळीखाली गेले, आणि काही तर समुद्रसपाटीच्याही खाली उतरले. तिथे चारी बाजूंनी पाणी झिरपतं. पाण्यात यंत्रं चालत नाहीत, म्हणून पंप बसतात. जाड काळ्या पाइपांतून ते पाणी रात्रंदिवस उपसून नाल्यात सोडलं जातं. खंदकातली पातळी जितकी खाली, तितकी आजूबाजूच्या विहिरींची पातळी त्या दिशेने कलते.

पहिला बळी वायंगणाचा. गोव्यात पावसाळी भाताला सरद म्हणतात आणि पाऊस संपल्यावर झऱ्यांच्या, तळ्यांच्या पाण्यावर घेतलेल्या दुसऱ्या पिकाला वायंगण. झर आटला की वायंगण गेलं. मग कुळागरातल्या पोफळींचे शेंडे पिवळे पडतात. विहिरीचा नंबर शेवटी लागतो. गावाला धोका कळतो तो विहीर आटल्यावर. तोवर दहा-पंधरा वर्षं निघून गेलेली असतात.

शिरगावचं नाव लईराई देवीमुळे सर्वदूर माहीत आहे. जत्रेत व्रतस्थ धोंड तळीत स्नान करून होमकुंडातून अनवाणी चालत जातात. त्या गावाभोवती तीन खाणींचे खंदक होते. विहिरी आणि शेतं कोरडी पडल्यावर शिरगावकर उच्च न्यायालयात गेले. देवीच्या उत्सवाला लागणारं पाणीही कंपनीच्या पंपाशी आणि कोर्टाच्या तारखेशी बांधलं गेलं, इथवर गोष्ट आली.

एका टनामागे तीन टन

गोव्यात एक टन खनिज मिळवायला साधारण अडीच ते तीन टन माती आणि दगड बाजूला काढावा लागतो. लीजचं क्षेत्र लहान आणि दाटीवाटीचं. माती टाकायला जागा नाही, म्हणून ती शेजारच्या खाजगी जमिनीवर, डोंगराच्या उतारावर, नाल्याच्या तोंडाशी रचली गेली. असे साठलेले डंप राज्यभरात सुमारे ७० कोटी टनांचे असावेत, असा अंदाज आहे.

कोरड्या दिवसांत डंप गप्प असतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या पावसात डंपची माती वाहते. कागदावर तिला अडवायला जांभ्याच्या भिंती असतात, गाळ खाली बसवणारी तळी असतात, उतारावर नारळाच्या काथ्याची जाळी असते. भिंत शाबूत असली आणि तळं वेळेवर उपसलेलं असलं तर ही व्यवस्था चालतेही. पण तळं गच्च भरलं की पाणी वरून तसंच पुढे जातं आणि ओढ्यातून सरळ सखल शेतात उतरतं.

डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर अशा शेताच्या बांधावर मी उभा होतो. शेतमालक सत्तरीच्या पुढचे. मी विचारलं, "काका, हा गाळ किती असेल?" काही न बोलता त्यांनी खोरं मागवलं आणि शेताच्या मधोमध खणायला घेतलं. वरची वीतभर माती लालसर जांभळी, इतकी बारीक की बोटांना पावडर लागावी. ओली असताना लोण्यासारखी, वाळली की विटेसारखी घट्ट. तिच्यात रोपाचं मूळ शिरत नाही. खाली खोऱ्याला वेगळा आवाज आला आणि काळसर, कुजक्या पाल्याचा वास असलेली माती वर आली. काकांनी ती हातात घेतली. म्हणाले, "आमची ही. वरची ती कंपनीची."

धक्का बसावा असे प्रसंगही झाले आहेत. २००९ च्या पावसाळ्यात अडवलपाल गावात खाणीचं पाणी आणि चिखल घुसला. आपल्या बाजूला, दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याच्या खाणीचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला आणि लाल लोंढा वाड्यांत, बागायतीत शिरला. वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली ती अशा वेळी. बांध न फुटताही दर पावसाळ्यात शेतात चढत गेलेल्या बोटभर गाळाचं छायाचित्र कुणी काढलं नाही.

या डंपांची आणखी एक कथा आहे. पूर्वी ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं. तो टाकाऊ म्हणून डंपात जाई. मग चीनची पोलादाची भूक वाढली, आणि ऑस्ट्रेलिया-ब्राझीलच्या उत्तम मालात मिसळायला हलका मालही चालू लागला. २०११ च्या सुरुवातीला खनिजाचा जागतिक भाव टनाला १८० डॉलरच्या पुढे गेला. कालपर्यंत ज्या ढिगाऱ्याची जबाबदारी कुणी घेत नव्हतं, त्याच्यावर मालकी सांगायला एकाएकी बरेच जण पुढे आले. टाकाऊ होता तेव्हा तो शेतकऱ्याच्या माथी होता.

टँकर, चेक आणि ट्रक

एवढं सगळं होत असताना गावं गप्प का बसली, हा प्रश्न बाहेरचा माणूस हमखास विचारतो. मीही विचारला. त्याचं उत्तर गावोगावी तीन वस्तूंच्या रूपाने मिळत गेलं.

विहीर आटली की कंपनीने टँकर सुरू केला. पाणी रोज आलं, फुकट आलं. टँकर कोणत्या वाड्यावर आधी थांबणार, हे ठरवणाऱ्या माणसाला गावात वजन आलं. ज्या बाईंच्या अंगणात मी चहा घेतला, त्यांच्या दारात निळी पिंपं ओळीने मांडलेली होती आणि मागे काठापर्यंत बांधलेली जांभ्याची जुनी विहीर होती. विहिरीवर लाकडी फळ्या टाकून त्यांवर आमसुलं वाळत घातली होती. टँकरबद्दल त्यांची तक्रार एकच, वेळ पाळत नाही. विहिरीबद्दल त्यांनी विषयच काढला नाही.

शेत गाळाने भरलं की कंपनी नुकसानभरपाईचा चेक देई. पीक गेल्याची भरपाई, तीही दर वर्षाची. म्हणजे जमीन मेली असं कुणी कबूल करायचं नाही. यंदाचं पीक गेलं एवढंच मानायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. चार-पाच वर्षांत शेतकऱ्याच्या लक्षात येतं, की नांगर न धरता मिळणारे हे पैसे जवळजवळ पिकाएवढेच आहेत. मुलगा शेतात उतरायचा थांबतो. बी ठेवायची सवय जाते. पुढे गाळ काढून दिला, तरी त्या घरात वायंगण करायला येणारं माणूस उरलेलं नसतं.

मुलगा मग ट्रक घेतो. ही तिसरी वस्तू. खाणीतून जेटीपर्यंतची वाहतूक कंपन्यांनी स्वतःच्या गाड्यांनी न करता गावातल्या ट्रकमालकांकडे दिली. बँकेचं कर्ज, साधारण दहा टनांचा ट्रक, फेरीमागे पैसे. जेवढ्या फेऱ्या जास्त तेवढा हप्ता लवकर फिटणार, म्हणून गाड्या पळत. ताडपत्री नीट बांधायला वेळ जातो म्हणून ती अर्धीच ओढलेली. रस्त्याकडेच्या घरांच्या खिडक्या बारा महिने बंद, कपडे घरातच वाळत. आणि ज्याच्या गाडीची धूळ आपल्या आईच्या ताटात पडते आहे, तो चालक शेजारच्याच घरातला. तक्रार करायची तर कुणाविरुद्ध?

विहिरीच्या बदल्यात टँकर, शेताच्या बदल्यात चेक, शेतीच्या बदल्यात ट्रक. माझ्या मते कंपनीचं खरं कसब खाणकामात नव्हतं, या व्यवहारात होतं. प्रत्येक नुकसानीची एक मेहेरबानी झाली, आणि मेहेरबानी करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. खंदक खणायला यंत्रं लागली; गाव बांधून ठेवायला हप्ते पुरले.

हे बांधलेपण मोडू पाहणाऱ्यांचं काय होतं, ते सत्तरीतल्या सोनशीने दाखवलं. चारी बाजूंनी खाणी असलेलं हे छोटंसं गाव. दिवसाकाठी शेकडो ट्रक दारावरून जात. एप्रिल २०१७ मध्ये धूळ आणि पाण्यासाठी गावकऱ्यांनी रस्ता अडवला. ४५ जणांना अटक झाली, त्यांत बायकाही होत्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने दखल घेईपर्यंत सोनशी कुठे आहे हे पणजीतही फार कुणाला ठाऊक नव्हतं.

कागदावरची खाण

गोव्यात खाणींचे हक्क पोर्तुगीज राजवटीने कायमस्वरूपी सवलती म्हणून वाटले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांसाठी निर्यात वाढली आणि खाणमालकांची घराणी उभी राहिली. मुक्तीनंतर २६ वर्षांनी, १९८७ मध्ये संसदेने कायदा करून या सवलतींचं रूपांतर लीजमध्ये केलं. कंपन्यांचे मालक मात्र बदलत राहिले. सेसा गोवा इटालियन भांडवलावर सुरू झाली, पुढे जपानच्या मित्सुईकडे गेली, २००७ मध्ये वेदांताने ती घेतली आणि २००९ मध्ये धेंपोंचा खाणव्यवसाय सेसामध्ये आला. ताळेबंदातली मालमत्ता अशी नव्या हाती जाते. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी शेतात टाकलेला डंप ताळेबंदात नसतोच, त्यामुळे तो कुणाच्याच हाती जात नाही.

खाणीला परवानगी देण्याआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल लागतो. हा अहवाल लिहिणारा सल्लागार कंपनी निवडते आणि त्याचे पैसेही कंपनीच देते. अहवाल सरकारच्या तज्ज्ञ समितीपुढे जातो. केप्यातल्या कावरे गावच्या देवापोन डोंगरावरच्या खाणीचं प्रकरण 'उत्कर्ष मंडळ' या स्थानिक संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात नेलं. नोव्हेंबर २००९ च्या निकालात जे बाहेर आलं ते वाचण्यासारखं आहे. समितीचे अध्यक्ष स्वतः खाण कंपन्यांच्या संचालक मंडळांवर होते, आणि समिती एकेका बैठकीत इतके प्रस्ताव हातावेगळे करत होती, की जनसुनावणीत लोकांनी घेतलेले आक्षेप तिने खरोखर विचारात घेतले असतील असं म्हणणं कठीण होतं. परवानगी रद्द झाली. कावऱ्याच्या आदिवासी शेतकऱ्यांना आपला डोंगर आपलाच आहे, हे सांगायला दिल्ली गाठावी लागली.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत ठेवला गेला. बेकायदा उत्खननामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता. तीन दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये, 'गोवा फाउंडेशन' या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की सगळ्या लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. भाव चढला ती सगळी वर्षं, चीनला रवाना झालेली ती सगळी जहाजं, यांना लीजचा आधारच नव्हता.

याच निकालात आणखी दोन गोष्टी होत्या. लीजच्या हद्दीबाहेर, जमीन खाजगी असली तरी, डंप टाकता येणार नाही. आणि खनिजविक्रीतला दहा टक्के वाटा कायमस्वरूपी निधीत जमा व्हायला हवा, कारण हे खनिज पुढच्या पिढ्यांचंही आहे. एवढं होऊनही २०१५ च्या सुरुवातीपर्यंत ८८ लीजचं नूतनीकरण झालं. त्यातलं बरंचसं झालं जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, लिलाव सक्तीचा करणारा अध्यादेश १२ जानेवारीला निघाला त्याच्या तोंडावर. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी हे सारं नूतनीकरण रद्द ठरवलं आणि मार्चच्या मध्यावर, दरम्यान सुरू झालेली यंत्रं पुन्हा थांबली.

बंदीचे दिवस

खाणी थांबल्यावर नद्या निवळल्या, धूळ बसली, खिडक्या उघडल्या. हे सगळं खरं. पण १९ मार्च २०१८ ला हजारो लोक पणजीत उतरले, मांडवीच्या पुलाशी वाहतूक रोखली आणि पोलिसांनी लाठीमार केला, ते लोक खाणी सुरू करा म्हणून आले होते. त्यांत विहीर आटलेले होते, शेत गेलेले होते. वर्तमानपत्रं त्यांना 'खाण अवलंबित' म्हणतात. नुकसानग्रस्त आणि अवलंबित या दोन याद्या कुणी शेजारी ठेवून पाहिल्या, तर कित्येक नावं दोन्हीकडे सापडतील.

एका माजी ट्रकमालकाने अंगणातली रिकामी जागा दाखवली. इथे गाडी उभी असे. हप्ते थकले, सरकारने कर्जमाफीची योजना आणली, तरी गाडी शेवटी भंगारात गेली. त्यांना विचारलं, "शेतीकडे परत का नाही वळलात?" ते हसले. "कुठल्या शेतीकडे, भाई?"

पंप बंद झाले तेव्हा काही गावांत भलताच पेच पडला. खंदकातून उपसलेलं पाणी कंपनी पाटाने काही शेतांना देत असे. झर आधीच मेलेले. आता उपसाही नाही, म्हणजे शेत दोन्हीकडून कोरडं. दुसरीकडे खंदक पावसाने काठोकाठ भरले आणि बांध फुटेल या धास्तीने खालच्या वाड्यांनी पावसाळे जागून काढले. चालू खाण पाणी पळवते आणि बंद खाण पाणी साठवून गावाच्या डोक्यावर ठेवते.

खंदक बुजवत का नाहीत, असं मी खाणीत काम केलेल्या एका निवृत्त अभियंत्यांना विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं: तळाशी अजून माल आहे. बुजवला तर तो माल कायमचा अडकतो, म्हणून खंदक संपला असं कागदावर कधी येतच नाही. शिल्लक असलेल्या थोड्या मालाच्या नावावर शेकडो फूट खोल खड्डा वर्षानुवर्षं उघडा राहतो.

अनामत किती?

आता नवं पर्व सुरू झालं आहे. लिलाव झाले. डिचोलीचा पहिला खाणपट्टा, सुमारे ४७८ हेक्टरांचा, डिसेंबर २०२२ मध्ये वेदांताने मिळवला आणि २०२४ मध्ये तिथे पुन्हा उत्खनन सुरू झालं. पट्ट्याच्या हद्दीत मये, मुळगाव, शिरगाव या गावांचे भाग येतात. घरं, देवळं, शेतं, तळी नकाशावरच्या त्या रेषेच्या आत आहेत. ती वगळा, ही गावकऱ्यांची मागणी आहे. लिलावामुळे सरकारला पूर्वीपेक्षा किती तरी जास्त वाटा मिळेल, हे मान्य करायलाच हवं. पण तो वाटा पणजीला जातो, आणि झर आटतो तो मुळगावात.

म्हणून मी एक हिशेब करून पाहिला. खाण बंद झाल्यावर जमीन पूर्ववत करण्यासाठी कंपनीने आधी आर्थिक हमी द्यायची, असा नियम आहे. २०२१ च्या सुधारणेनंतर मोठ्या यांत्रिक खाणींसाठी ती वापरातल्या क्षेत्राच्या हेक्टरामागे पाच लाख रुपये आहे. सगळे ४७८ हेक्टर वापरात आले असं धरलं, तरी रक्कम २४ कोटींच्या आत राहते. या पट्ट्याला वर्षाला ३० लाख टन उत्खननाची परवानगी आहे. टनाला अगदी हजारच रुपये धरले, तरी एका वर्षाची विक्री ३०० कोटींची. म्हणजे महिन्याभराच्या विक्रीएवढी अनामत ठेवायची आणि डोंगर, झर, शेत यांचा भार पन्नास वर्षं गावावर टाकायचा. एवढ्या स्वस्तात कुठला घरमालक भाडेकरू ठेवील?

गावांच्या मागण्या ऐकल्या तर त्यांत खाण नकोच म्हणणारे आहेत, हवीच म्हणणारेही आहेत. पण दोघांनाही पटेल असं एक कलम निघू शकतं: विहिरींची पातळी खाण सुरू होण्याआधी मोजा, ग्रामसभेसमोर मोजा, दर महिन्याला पंचायतीच्या फळ्यावर लिहा, आणि ठरलेल्या खुणेखाली पाणी गेलं की पंप थांबवा. पंप थांबवण्याच्या बदल्यात टँकर चालणार नाही, असं त्या करारात स्पष्ट लिहा. शेत भरलं तर पिकाचा चेक नको. गाळ काढून मूळ माती उघडी करून द्या. अनामत खाणीच्या विक्रीशी बांधा, म्हणजे माल जितका जाईल तितकी ती वाढत जाईल.

यातलं काहीही कंपनीला न परवडणारं नाही. परवडणार नाही ते एवढंच, की नुकसान झालं तेव्हाच ते नुकसान म्हणून वहीत लिहिलं जाईल, मेहेरबानी म्हणून वाटता येणार नाही. काही नव्या पट्ट्यांच्या जनसुनावण्या अजून व्हायच्या आहेत. मांडवात खुर्च्या असतील, सरबत असेल, अहवालाचा सारांश मराठी-कोंकणीत वाटला जाईल. त्या दिवशी गावाने रोजगार किती देणार हे जरूर विचारावं. पण त्याआधी, माझी विहीर आज किती हात खोल आहे हे तुमच्या अहवालात कुठल्या पानावर लिहिलंय, ते विचारावं. आणि पान सापडेपर्यंत सुनावणी पुढे जाऊ देऊ नये.